कंसातले माहेर

नावाला अर्थ असावा की नसावा, हा वाद भाषेच्या वर्गात दर वर्षी निघतो आणि दर वर्षी अनिर्णित राहतो. शब्द आणि त्याचा अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे मत आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. आणि तास संपल्यावर त्यांच्यापैकीच कुणीतरी स्वतःच्या नावाचा अर्थ विचारायला येते. माणसाला आपल्या नावाचा अर्थ हवा असतो; अर्थ नसेल तर निदान त्याची हकिगत हवी असते. प्रस्तुत लेख एका माशाच्या नावाच्या हकिगतीविषयी आहे. मासा खोल समुद्रातला आहे, शिकारी आहे, आणि आम्हा दोघींपैकी कुणीही तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पाहण्याची शक्यताही नाही. तरीही गेले काही महिने या माशाच्या नावाने आमच्या बोलण्यात ठाण मांडले आहे. त्याची कारणे पुढे येतीलच.

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त प्राणिशास्त्र विभाग दर फेब्रुवारीत एक भित्तिपत्रक काढतो. खोल समुद्रातील मासे हा यंदाचा विषय होता. चित्रे तयार होती, मजकूर तयार होता, फक्त माशांना मराठी नावे नव्हती. तेव्हा त्या विभागातील आमच्या सहकारी मॅडम कागद घेऊन आमच्या टेबलाशी आल्या. ‘तुम्ही मराठीवाल्या. यांची बारशी तुम्हीच करा,’ असे म्हणून त्यांनी पहिलेच चित्र पुढे ठेवले. चित्रात एक काळाकभिन्न, मोठ्या डोक्याचा, जबडा वासलेला मासा होता आणि त्याच्या तोंडात न मावणारे दात होते. इंग्रजीत त्याला ‘फँगटूथ’ म्हणतात. आम्ही त्याच बैठकीत ‘सुळेमासा’ असे नाव सुचवले. मॅडमना ते पसंत पडले. ‘वरचं नाव तुम्हाला हवं ते ठेवा,’ त्या म्हणाल्या, ‘खालचं मात्र आहे तसं राहू द्या. त्यातला कंससुद्धा हलवायचा नाही हं.’

खालचे नाव असे होते : अ‍ॅनोप्लोगॅस्टर कॉर्नुटा (व्हॅलेन्सिएन, १८३३). कंससुद्धा हलवायचा नाही, हे वाक्य आमच्या मनात राहिले. विरामचिन्हांविषयी इतका आग्रह हल्ली आमच्या विभागातही आढळत नाही.

आधी मासा पाहू. पूर्ण वाढलेला सुळेमासा जेमतेम १५-१६ सेंटिमीटर लांब असतो. म्हणजे तळहातावर ठेवला तर शेपटी थोडी बाहेर राहील एवढाच. जगातील उष्ण आणि समशीतोष्ण पट्ट्यातील बहुतेक महासागरांत तो आढळतो. साधारणतः ५०० ते २,००० मीटर खोलीवर त्याचा वावर असतो आणि ५,००० मीटरपर्यंतही तो सापडला आहे. शरीराच्या मानाने सर्वांत मोठे दात असलेला सागरी मासा म्हणून त्याची ख्याती आहे. खालच्या जबड्यातले दोन सुळे तर इतके लांब असतात की तोंड मिटताना ते सामावून घेण्यासाठी टाळूत, मेंदूच्या दोन्ही अंगांना, दोन खोबणी असतात. स्वतःचे शस्त्र स्वतःच्या मस्तकात खुपसून घ्यावे लागू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही म्यानाची व्यवस्था होय. प्रौढ माशाचे डोळे लहान असतात. अंगावरून जाणारी पार्श्वरेखा मात्र ठळक असते. पाण्यातील हालचालीची चाहूल तिच्यातून लागते. त्याचा काळा रंगही साधा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोल समुद्रातील १६ जातींच्या माशांची त्वचा तपासली गेली. ही त्वचा तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी अर्धा टक्काही परत पाठवत नाही, असे तीत आढळले. सुळेमासा त्या सोळांतला एक आहे. जेथे अन्य जीव स्वतःचा प्रकाश घेऊन हिंडतात, तेथे तो उजेड गिळून अदृश्य होतो आणि मासे, कोळंबीसारखे कवचधारी जीव व माकूळ यांची शिकार करतो.

आता नाव. ‘अ‍ॅनोप्लोगॅस्टर’ हा शब्द ग्रीक आहे. त्याचा अर्थ ज्याच्या पोटावर शस्त्र नाही तो, म्हणजे नि:शस्त्र-उदर. ‘कॉर्नुटा’ हे लॅटिन विशेषण. ‘कॉर्नू’ म्हणजे शिंग. आपल्या संस्कृत ‘शृंगा’चे ते दूरचे भावंड. तेव्हा कॉर्नुटा म्हणजे शिंगवाली. पूर्ण नावाचा अर्थ झाला : शिंगवाली नि:शस्त्रोदरा. आम्ही पुन्हा चित्राकडे पाहिले. शिंगे कोठेच नव्हती. शस्त्रे होती ती तोंडात, आणि त्यांचा नावात उल्लेख नव्हता. ज्या एका गोष्टीसाठी हा मासा जगभर ओळखला जातो, तिच्याविषयी त्याचे शास्त्रीय नाव अवाक्षरही काढत नाही.

या विसंगतीचा उलगडा माशाच्या बालपणात आहे. सुळेमाशाचे पिल्लू त्याच्या आईबापांसारखे अजिबात दिसत नाही. ते फिकट करड्या रंगाचे असते. त्याचे डोळे मोठे असतात, दात बारीक असतात, आणि डोक्यावर व कल्ल्यांच्या झाकणावर लांबच लांब काटे असतात. हीच ती शिंगे. ते फार खोल राहत नाही. कल्ल्यांतल्या लांब, सडपातळ काड्यांच्या चाळणीतून पाणी गाळून ते सूक्ष्म जीव टिपते. शिकार ही गोष्ट त्याच्या गावीही नसते. अंग सुमारे ८ सेंटिमीटरचे झाले की रूप पालटू लागते. रंग गडद होतो, दात वाढतात, डोळे अंगाच्या मानाने लहान पडतात, काटे आखूड होत होत दिसेनासे होतात, आणि मासा खोल अंधारात उतरतो.

पॅरिसच्या आशिल व्हॅलेन्सिएन यांनी १८३३ साली ज्याचे वर्णन केले ते हे शिंगवाले पिल्लू होते. व्हॅलेन्सिएन हे क्यूव्हिएचे शिष्य. गुरू आदल्याच वर्षी निवर्तले होते आणि माशांचा बृहद्ग्रंथ पुरा करण्याचे काम शिष्याकडे आले होते. खोल समुद्रात काय आहे, याची त्या काळी युरोपला कल्पना नव्हती. पुढे १८४३ साली एडवर्ड फोर्ब्ज या निसर्गशास्त्रज्ञाने सुमारे ३०० वावांच्या खाली जीवसृष्टी नसावी असे अनुमान मांडले आणि ते बराच काळ मानलेही गेले. अशा काळात हाती आलेल्या या छोट्या जिवाला व्हॅलेन्सिएन यांनी एका ओळखीच्या घरात बसवले. ‘हॉप्लोस्टेथस’ हा क्यूव्हिएने १८२९ साली स्थापलेला वंश. अर्थ, जिची छाती सशस्त्र आहे ती मंडळी. त्या वंशात हा नवा सदस्य ‘हॉप्लोस्टेथस कॉर्नुटस’ म्हणून दाखल झाला.

१८५९ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्बर्ट ग्युंटर यांनी माशांची सूची करताना हे घर चुकीचे ठरवले. हॉप्लोस्टेथसच्या पोटावर कडक खवल्यांची चिलखती धार असते. ती या माशाला नव्हती. म्हणून त्यांनी त्याच्यासाठी नवा वंश काढला : अ‍ॅनोप्लोगॅस्टर. सशस्त्रांच्या घरातून आलेल्याला नि:शस्त्र म्हटले गेले ते केवळ जुन्या घराच्या तुलनेने. नवे घर स्त्रीलिंगी, जुने पुल्लिंगी. त्यामुळे कॉर्नुटसचे कॉर्नुटा झाले. काळा घोडा, काळी गाय, इतकीच ती बाब आहे. विशेषणाने विशेष्याच्या मागे जावे, हा नियम समुद्राच्या तळाशीही सुटत नाही.

इकडे प्रौढ मासा मात्र बेनाम होता. त्याचे वर्णन झाले १८८३ साली, अमेरिकेत. थिओडोर गिल यांनी त्याला ‘कॉलोलेपिस लाँगिडेन्स’ असे नाव दिले. कॉलोलेपिस म्हणजे देठाच्या खवल्यांचा; लाँगिडेन्स म्हणजे लांब दातांचा. लॅटिन ‘डेन्स’ आणि आपला ‘दंत’ यांचे नाते सांगायला नको. हे नाव अचूक होते. चित्र पाहून आम्ही केलेले ‘सुळेमासा’ हे बारसे वस्तुतः गिल यांच्या नावाचेच मराठी रूप म्हणावे लागेल. १८३३ आणि १८८३, मधल्या दोन आकड्यांतील एकाचा फरक आणि मध्ये ५० वर्षे. एकच जीव दोन नावांनी दोन कप्प्यांत नांदू लागला : लहानपणी कॉर्नुटा, मोठेपणी लाँगिडेन्स. पुढे विसाव्या शतकात मधल्या वयाचे नमुने जुळवून पाहता दोन्ही एकच असल्याचे निष्पन्न झाले. मग प्रश्न उरला : ठेवायचे कोणते?

येथे प्राणिशास्त्राची नामसंहिता अतिशय कोरडे उत्तर देते. एकाच जातीला दोन नावे मिळाली असतील तर आधीचे ते खरे. नाव शोभते की नाही, हा मुद्दा गैरलागू आहे. संहिता स्पष्टच सांगते की अयोग्यपणा हे नाव नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. लिनिअसने १७५८ साली स्वर्गपक्ष्याच्या एका जातीला ‘अपोडा’ म्हणजे बिनपायांची असे नाव दिले, कारण युरोपात येणारी त्या पक्ष्याची कातडी पाय कापून आलेली असत. पाय आहेत हे पुढे सर्वांना कळले. नाव आजही अपोडाच आहे. या नियमाला अपवाद आहेत आणि वाद मिटवायला आंतरराष्ट्रीय आयोगही आहे, परंतु मूळ तत्त्व तेच. तेव्हा सुंदर, अचूक, अर्थवाही असे ‘लाँगिडेन्स’ बाद झाले आणि वाढत्या वयात मावळणाऱ्या शिंगांचे नाव कायम राहिले. १९८६ साली याच वंशातील दुसरी एक जाती वेगळी काढण्यात आली. तिचे नाव ‘ब्रॅकिसेरा’, म्हणजे आखूड शिंगांची. धाकटीचे नावही शिंगांवरूनच पडले. दात पुन्हा राहून गेले.

आता त्या कंसाकडे येऊ. नावापुढे नाव देणाऱ्याचे नाव आणि साल लिहिण्याची प्रथा आहे. ते कंसात नसेल तर समजावे की जाती मूळ ज्या वंशात सांगितली गेली, त्याच वंशात आजही आहे. हॉप्लोस्टेथस मेडिटरेनियस क्यूव्हिए, १८२९ : येथे कंस नाही. ही जाती जन्मली त्याच घरात राहिली. कंस असेल तर समजावे की जातीने घर बदललेले आहे. आपल्या ताटातला बोंबील पाहा : हार्पाडॉन नेहेरियस (हॅमिल्टन, १८२२). हॅमिल्टनने तो ‘ऑस्मेरस’ या वंशात घातला होता. पुढे तो हार्पाडॉनमध्ये गेला. स्वतःचे नाव सोबत आले, वंश बदलला, आणि आपण मूळचे येथले नव्हे ही खूण दोन वक्र रेषांच्या रूपाने कायमची अंगावर राहिली.

मॅडमनी हे समजावून दिले तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. वंश, कुल, जाती. जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत वर्गीकरणाच्या पायऱ्यांना हीच नावे आहेत, आणि सोयरीक जुळवतानाही पहिली चौकशी होते ती नेमकी याच तीन गोष्टींची. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात तसे काही नसणार. परंतु शब्द आपली जुनी नाती विसरत नाहीत. एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी, नव्या घराच्या लिंगवचनाप्रमाणे आपला शेवटचा स्वर बदलून घेणारी जी कुणी आहे, तिच्याविषयी आम्हा मराठी बायकांना वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्यापैकी एकीचे नाव लग्नात बदलले. तांदळांनी भरलेल्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले. उपस्थितांनी ते वाचून दाखवण्याचा आग्रह केला. हशा झाला, पेढे वाटले गेले. नाव चांगले होते. कुणी ते लादले असेही म्हणता येणार नाही, कारण आधी विचारले होते आणि तिने होकार दिला होता. तेविसाव्या वर्षी अशा प्रश्नाला दुसरे उत्तर असते, हे तिला ठाऊक नव्हते इतकेच. तिची पदवी, एम. ए. चे प्रमाणपत्र, विद्यार्थिदशेत नियतकालिकांत छापून आलेल्या सहा कविता आणि दोन समीक्षालेख पहिल्या नावावर आहेत. नोकरी, प्रबंध आणि नंतरचे सगळे लेखन दुसऱ्या नावावर. बढतीच्या वेळी कागदपत्रे तपासणाऱ्या एका समितीने पहिल्या नावावरचे दोन लेख वगळले. हे लेख आपलेच कशावरून, असा प्रश्न होता. मग मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र करावे लागले : अमुक आणि तमुक या एकाच व्यक्ती आहेत, आणि ती व्यक्ती मीच आहे. या वाक्याचे व्याकरण आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी पुष्कळ वेळ तपासले. अनेकवचनी कर्ता, एकवचनी सत्य.

वाङ्मयेतिहासाच्या तासाला हा प्रश्न नेहमीच समोर असतो. फक्त तो प्रश्न आहे हे लक्षात येत नाही. गिल यांनी प्रौढ सुळेमाशाला त्याचे दुसरे नाव दिले ते १८८३ साली. त्याच वर्षी दुसरे नाव धारण केलेली एक १८ वर्षांची मराठी मुलगी अमेरिकेत वैद्यक शिकायला गेली. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. रमाबाई रानडे यांचेही माहेरचे नाव यमुनाच. दोन यमुना, एक आनंदी झाली आणि एक रमा. आणि आपल्या इतिहासात यमुना या नावाने कुणीच उरली नाही. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक मूळच्या मनकर्णिका गोखले. १९३३ साली, कॉर्नुटाच्या नामकरणाला बरोबर १०० वर्षे झाली तेव्हा, ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले. त्यावर लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर होते. त्या वेळी त्या बाळूताई खरे होत्या. पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या. एक नाव आईबापांनी दिलेले, एक लग्नाने आलेले, आणि एक स्वतः घेतलेले. ज्या नावाने त्यांनी सर्वांत निर्भय लेखन केले ते नाव त्यांना कुणीही दिलेले नव्हते, हे विद्यार्थ्यांना सांगताना आमचा आवाज नकळत चढतो.

आम्हा दोघींचे या विषयावर एकमत नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे. दुसरीचे पहिले नाव लग्नात बदलले नाही. मधले आणि शेवटचे बदलले. तिचे म्हणणे असे की माशाची उपमा गोड आहे, पण लंगडी आहे. एक तर माशाला आपले नाव ठाऊक नसते. व्हॅलेन्सिएनने त्याला शिंगवाली म्हटले काय किंवा गिलने दंतुर म्हटले काय, तो अंधारात आपली शिकार करतच असतो. नाव ही ज्याची त्याला गरज नसते आणि इतरांनाच असते, अशी वस्तू आहे. दुसरे असे की जन्माचे नाव म्हणजे काही स्वतःचे नाव नव्हे. तेही बापाने किंवा आत्याने ठेवलेलेच असते. आणि तिसरा मुद्दा तिने मांडला तो आम्हा दोघींना गप्प करणारा होता. कंसात काय असते ते नीट पाहा, ती म्हणाली. कंसात जातीचे जुने घर नसते. ‘हॉप्लोस्टेथस’ हा शब्द तेथे नाही. तेथे आहे तो नाव ठेवणारा पुरुष आणि त्याचे साल. शास्त्रानेही आठवण ठेवली ती नाव देणाऱ्याची. जिला नाव दिले तिची नव्हे.

हे खरे आहे आणि त्याला उत्तर नाही. तरी पहिलीचे म्हणणे एवढेच की कंस स्वतः काही सांगत नसला तरी तो विचारायला लावतो. त्या दोन रेषा पाहून जाणकार वाचक थांबतो आणि म्हणतो, ही आधी कोठे होती? मग तो मूळ ग्रंथ काढतो, १८३३ चे पान शोधतो आणि त्याला तेथे एक लहानसे, मोठ्या डोळ्यांचे, शिंगे असलेले पिल्लू भेटते. वर्गीकरण बदलले तरी वाट बुजवायची नाही, एवढाच तो करार आहे. आमच्या तांदळाच्या ताटाला असा कंस नाही. ताट हलवले की तांदूळ पुन्हा तांदूळ होतात.

वाट बुजली म्हणजे काय होते, याचे उदाहरणही खोल समुद्रातच आहे. ‘व्हेलफिश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांच्या एका कुलात फक्त माद्याच सापडत. दुसऱ्या एका कुलात, ज्यांची नाके प्रचंड मोठी असतात, फक्त नर. तिसऱ्या कुलात, ज्यांना लांबच लांब रिबिनीसारखे शेपूट असते, फक्त पिल्ले. २००९ साली संशोधकांनी देहरचना आणि जनुके यांच्या साह्याने दाखवून दिले की ही तीन कुले नसून एकच आहे. आई एका कुलात, बाप दुसऱ्या कुलात आणि लेकरू तिसऱ्या कुलात, असा तो संसार संग्रहालयांच्या बरण्यांत अनेक दशके विभागून ठेवलेला होता. एका व्यक्तीची दोन नावे झाली की कागदांच्या जगात अशीच फाटाफूट होते. सहा कविता एका बरणीत, प्रबंध दुसऱ्या बरणीत. आणि मधल्या वयाचा नमुना हाती असल्याखेरीज दोन्ही एकच, हे सिद्ध करता येत नाही.

मधल्या वयाचा नमुना म्हणजे बहुधा माणसे असतात. दोन्ही नावे ज्यांना ठाऊक आहेत अशी माणसे. पहिलीची आई गेल्या वर्षी गेली. लग्नानंतर बावीस वर्षे सगळे जग नव्या नावाने हाक मारत असताना ती एकटी जुन्या नावाने हाक मारत होती, तेही फोनवर, आणि तेही अर्धेच नाव, शेवटचा स्वर लांबवून. त्या नावाने हाक मारणारे आता कुणी नाही. प्रमाणपत्रावर ते नाव आहे. परंतु प्रमाणपत्र हाक मारत नाही. जुने नाव श्रेष्ठ होते, असे तिचे म्हणणे नाही. आज तिला तिच्या पहिल्या नावाने कुणी बोलावले तर ती कदाचित चटकन वळूनही पाहणार नाही, कारण त्या नावाची ती मुलगी, मोठ्या डोळ्यांची, वरच्या उजेडात राहणारी, आता तशी राहिलेली नाही. दात आलेले आहेत. अंधाराची सवय झालेली आहे. दुसरे नाव तिला पुरते शोभते. पण शोभणे हा निकष नाही, हेच तर त्या कोरड्या संहितेने शिकवले. नाव म्हणजे जिवाचे वर्णन नव्हे. तो सर्वप्रथम कोणत्या रूपात ओळखला गेला याची ती नोंद आहे.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे आवश्यक केले. स्वागतार्हच गोष्ट आहे. परंतु त्या रकान्यात आईचे कोणते नाव येईल? ताटातले येईल. कंसाची जागा अजूनही अर्जात नाही.

आम्हाला शक्य होते तेवढे आम्ही केले. भित्तिपत्रकावर ‘सुळेमासा’ असे ठळक लिहिले आणि त्याखाली, शास्त्रीय नाव व त्याचा कंस यांना धक्का न लावता, एक ओळ जोडली : ‘याचे पिल्लू शिंगांचे असते, नाव त्याचे आहे.’ मॅडमनी ती ओळ राहू दिली. दुसरीकडे, या सत्रापासून पदव्युत्तर वर्गाच्या संदर्भसूचीत आम्ही लेखिकांच्या नावांपुढे कंस घालू लागलो आहोत. लक्ष्मीबाई टिळक (मनकर्णिका गोखले). रमाबाई रानडे (यमुना कुर्लेकर). प्राणिशास्त्राच्या रीतीत एक सुधारणा आम्ही दोघींनी एकमताने केली. कंसात नाव देणाऱ्याचे नाव नाही, तिचे स्वतःचे आहे. एका विद्यार्थिनीने विचारले, कंसातले नाव परीक्षेत लिहावे लागेल का? लिहिले नाही तर गुण जाणार नाहीत, असे आम्ही सांगितले. पुढच्या तासाला तिने निबंध आणून दिला. पहिल्या पानावर तिचे स्वतःचे नाव होते आणि शेजारी कंसात तिच्या आईचे, माहेरचे. ते तिने आईला विचारून लिहिले होते. आईला ते आठवायला थोडा वेळ लागला, असे ती म्हणाली.